गायकवाड बाईंचा हिरवा वर्ग

गायकवाड बाई आमच्या शाळेत फारशा कुणाला आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. माणूस निवृत्त झालं की त्याच्याबद्दल गोड गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. बाईंना ते खपणार नाही. मला स्वतःला तर पहिली तीन वर्षं त्या डोळ्यांसमोर नकोच असायच्या. मग कधीतरी आवडायला लागल्या, आणि आता त्यांची आठवण आली की मला हातातलं काम सुचत नाही. असो.

आमची शाळा जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की चढावर. अनुदानित मराठी शाळा, पहिली ते सातवी. एकेकाळी एकेका इयत्तेला चार तुकड्या होत्या, असं जुने लोक सांगायचे. मी लागले तेव्हा दोन उरल्या होत्या. वरच्या मजल्यावर तीन वर्ग कायमचे बंद, आत मोडकी बाकं रचून ठेवलेली. दर जूनला आणखी एक खोली बंद होणार का, याच धास्तीत आम्ही सगळे असायचो. आमच्या पगाराची, बदलीची, झोपेची किल्ली त्या एका आकड्यात होती. शाळेचा पट.

बाई उंच, हडकुळ्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. राहायच्या घाटकोपरला, आणि शाळा भरायच्या अर्धा तास आधी हजर. डावा कान अधू होता, म्हणून पोरांना नेहमी उजव्या बाजूला उभं करायच्या. डबा उभ्यानेच खायच्या. आणि कुणी काहीही गाऱ्हाणं सांगायला लागलं, अगदी नवऱ्याचं, सासूचं, हेडसरांचं, की पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पुढे?" इतका राग यायचा ना त्या ‘पुढे’चा! माणूस हलकं व्हायला आलेलं असतं आणि ही बाई त्याला कामाला लावते.

मी लागल्यावर पंधरा दिवसांतच आमची जुंपली. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता, आणि त्यात एक पोरगा धडाधडा वाचायचा. मी कौतुकाने त्याला स्टाफरूममध्ये घेऊन गेले. त्याने पुस्तक उघडलं आणि सशाचा धडा एका दमात म्हटला. बाईंनी त्याला जवळ, उजव्या बाजूला घेतलं, पानावर स्वतःचा तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "वाच बघू परत." पोरगा बाईंच्या हाताकडे बघत तसाच धडाधडा पुढे. एक शब्द चुकला नाही.

"परब," बाई मला म्हणाल्या, "तुझं पोरगं वाचत नाहीये. गातंय."

सगळ्यांसमोर! मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

वाचनाचं त्यांचं असंच होतं. पुस्तकातलं वाचून दाखवलं तर त्या मानायच्याच नाहीत, कारण पुस्तक घरात मोठ्या भावाचं असतं, पाठ झालेलं असतं. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती, आणि तिच्यात छापलेलं काहीही. औषधाच्या खोक्यातली घडी, लग्नपत्रिका, सोसायटीची पाणी बंदची नोटीस, साबणाचं वेष्टन. पोराने पिशवीत हात घालायचा, जे येईल ते वाचायचं. "शंभर मिलिग्रॅम" असं एखाद्या तिसरीतल्या पोरीने अडखळत का होईना वाचलं, की बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्यांचे वडील साताऱ्याकडून आलेले, एका गोदामाच्या दारावर पहारा करायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या वाचायला सात वर्षांच्या आपल्या पोरीला, म्हणजे बाईंना, दारात उभं करायचे. "तिथे गाऊन चालायचं नाही," एवढंच बाई त्यावर बोलल्या होत्या. वडिलांबद्दल त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त मी कधी ऐकलं नाही.

आता मे महिन्याचं सांगते. ज्यांनी मराठी शाळेत नोकरी केली नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण आम्ही मास्तरबाया सुट्टीत पोरं शोधत वस्तीतून फिरतो. दारोदार. पट टिकवायचा तर दुसरा उपाय नाही. मी आणि बाई एकत्र फिरायचो. माझं बोलणं ठरलेलं होतं: पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी, शाळेला मैदान आहे. मैदान म्हणजे काय, तर दोन बसेस उभ्या राहतील एवढी जागा. पण बोलायला काय जातंय!

एका खोलीत सुरेखा म्हणून एक बाई भेटली. कणकवलीकडची, म्हणजे माझीच गाववाली. चार घरी पोळ्या करायची. नवरा गावाला गेलेला तो परत आलेला नव्हता. तिची मुलगी संजना सहा वर्षांची, दारात बसून शेंगा सोलत होती. मी माझी सगळी यादी म्हणून दाखवली. सुरेखा म्हणाली, "पण इंग्लिश शिकवतात काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "शिकवतो. पण त्या बाजूच्या इंग्रजी शाळेतल्या पोरांइतकं येणार नाही. मराठी मात्र वाचता येईल. ते दोन वर्षांत आलं नाही तर मला येऊन विचारा."

मी बाईंना चिमटा काढला. उशीर झाला होता. सुरेखाने "बघतंय" म्हणून दार लोटलं.

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "बाई, तुम्ही दुकान टाकलं असतंत तर महिन्याभरात कुलूप लागलं असतं! एक पोर गेलं ना हातचं!"

"बरं. पुढे?" म्हणाल्या आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि सुरेखा संजनाला बोटाला धरून दारात हजर. मला म्हणाली, "ह्या उंच बाय खोटा बोलल्या नाय, म्हणान आणलंय." मी त्या दिवशी मनातल्या मनात बाईंना हात जोडले. पहिलीत मुलं एकवीस झाली, आणि वर्ग वाचला.

त्याच्या पुढच्या वर्षी ते ॲप आलं. वरून आदेश होता की प्रत्येक मुलाला वाचता येतं की नाही ते शिक्षकाने वर्षातून दोनदा नोंदवायचं. मुलाच्या नावापुढे एक गोल. वाचता येत असेल तर हिरवा, अडखळत असेल तर पिवळा, येत नसेल तर लाल. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. लाल पोरं कुठे आहेत ते कळलं तर त्यांना मदत करता येईल, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही. बाईंनी ठेवला.

त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग असायचा, कायमच. आम्ही सगळ्यांनी आपापले वर्ग हिरवे केले, शोभेला दोन-तीन पिवळे ठेवले. बाईंनी पिशवी काढली, एकेकाला उजव्या बाजूला उभं केलं, आणि नऊ लाल लावले.

हेडसर घामाघूम झाले. तसा गरीब माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "बाई, अहो, नऊ? नऊ?"

"दहावा पिवळा केला, सर. तोही लालच होता," बाई म्हणाल्या. "मदत येणार आहे ना? आली पाहिजे."

मदत आली ती कागदाच्या रूपाने. आधी शाळेला कारणे दाखवा नोटीस. मग बाईंकडून एक खुलासा, त्यावर दुसरा खुलासा. मग नऊ मुलांसाठी रोज एक तास जादा वर्ग, आणि त्या तासाचे रोज तीन फोटो: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत, फळ्यावर तारीख दिसली पाहिजे. फोटो चढायचे नाहीत, नेट जायचं, आणि तासातली पंचवीस मिनिटं बाई मोबाईल खिडकीबाहेर धरून उभ्या. एकदा मी विचारलं, "काय करताय बाई?" तर म्हणाल्या, "शिकवतेय." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

ते एक वेळ चाललं असतं. पण ती लाल पोरांची यादी कुणीतरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. कुणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वस्तीत बोंब झाली की या शाळेतल्या पोरांना वाचता येत नाही, सरकारनेच लिहिलंय. झालं! जूनपर्यंत सोळा दाखले गेले. त्यात ती नऊ पोरं बहुतेक सगळी होती, म्हणजे ज्यांच्यासाठी हे केलं तीच निघून गेली, आणि बाजूच्या शाळेत त्यांना कोण पिशवीतलं वाचायला देणार होतं?

पट घटला की शिक्षकांची मंजूर पदं घटतात. एक पद गेलं. सगळ्यांत कनिष्ठ आमचे नाईक सर. पस्तिशीचे, बोरिवलीला घर, आई अंथरुणाला खिळलेली, शाळा सुटली की धावत घरी जाऊन तिला दुपारचं औषध द्यायचे. ते ‘अतिरिक्त’ ठरले. जागा मिळाली ती पार माहुलच्या बाजूला. बोरिवलीहून माहुल! दुपारी घरी जाणं तर विसराच. आईसाठी कामवाली ठेवायला लागली, आणि ती आली नाही तर बदली दुसरी कुणीतरी.

नाईक सर रुजू व्हायला निघाले त्या दिवशी गायकवाड बाईंनी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर माहुलला गेल्या. कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं. नंतर नाईक सरांनीच मला फोनवर सांगितलं, "परब बाई, तिथे रिफायनरीचा वास मारतो, डोकं धरलं. गायकवाड बाई शाळेच्या फाटकापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, नाईक, हे माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, हो बाई, तुमच्यामुळेच झालं. तुम्ही खरं लिहिलंत ते बरोबर असेल, पण माझ्या आईने काय केलं होतं?" मी विचारलं, मग बाईंनी काय केलं? "फाटकाशी उभ्या राहिल्या. मी आत गेलो."

त्यानंतर बाई कुणाला ‘पुढे?’ म्हणेनाशा झाल्या. माझ्या ते लक्षात यायलाही महिना लागला.

पुढच्या वर्षी संजना तिसरीत, म्हणजे बाईंच्या वर्गात आली. आता या पोरीचं सांगायला हवं. हुशार होती ओ! तोंडी हिशेब फटाफट, गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी नावांसकट सांगणार. पण अक्षरं दिसली की ती जणू तिच्यासमोर जागा बदलायची. ‘कमळ’ला कधी ‘मकळ’, कधी ‘कळम’, आणि मग घाबरून गप्प. आळशीपणा नव्हता तो. बाईंनी काय नाही केलं? वाळूत गिरवलं, मोठ्ठी अक्षरं कापून दिली, सुट्टीत थांबवून घेतलं. बाकीचा वर्ग त्या वर्षी खरंच वाचत होता. ते श्रेय बाईंचं आणि त्या पिशवीचं. फक्त संजना तिथेच राहिली.

पडताळणी लागली. या वेळी शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येणार, दर वर्गातली पाच मुलं निवडणार, उतारा वाचून घेणार आणि गोल तिथल्या तिथे लावणार. हेडसरांनी बैठकीत कुणाचंही नाव न घेता सांगितलं, "आणखी एक पद गेलं तर कोण जाईल ते तुम्हाला माहीत आहे." नाईकांनंतर कनिष्ठ होती धनश्री, पाच महिन्यांची गरोदर. तिने मान खाली घातली. बाई तिच्याच शेजारी बसल्या होत्या.

आणि मग मी ते बघितलं. मधल्या सुट्टीत तिसरीच्या वर्गात डोकावले तर बाई आणि संजना दोघीच. बाई उतारा एकेक ओळ म्हणताहेत आणि संजना मागून म्हणतेय. नदीचा उतारा होता. बाई म्हणायच्या, "बोट फिरवत राहा. डावीकडून उजवीकडे. थांबू नकोस." तिचं बोट धरून त्या पानावरून फिरवत होत्या. आयुष्यभर ज्या बाईने पोरांना पानावर हात ठेवून पकडलं, ती बाई! मी पाय न वाजवता मागे फिरले. माझा चौथीचा वर्ग तर मी कुणाकडूनही न वाचून घेताच हिरवा करून टाकला होता.

साहेब आले. घाईत होते, त्यांना त्या दिवशी आणखी तीन शाळा करायच्या होत्या. माझा वर्ग ग्रंथालयाच्या तासाला गेलेला, म्हणून हेडसरांनी मला चहापाण्याला साहेबांबरोबर ठेवलं होतं. साहेबांनी यादीवर बोट टेकवलं ते नेमकं संजनावर. पोरगी पुढे आली. साहेबांनी उताऱ्यांची पुस्तिका तिच्या हातात दिली आणि ॲप उघडायला लागले. संजनाने पान उघडलं आणि सुरू केलं: नदी डोंगरातून निघते, नदी गावाला पाणी देते. खणखणीत आवाज, बोट डावीकडून उजवीकडे, एकदाही थांबली नाही.

पान बाजाराच्या उताऱ्याचं होतं. वर भाजीवालीचं मोठं चित्र.

मला दिसलं. बाईंना दिसलं. पुढच्या बाकावरच्या दोन पोरांना दिसलं, आणि त्यातलं एक तोंडावर हात घेऊन हसायला लागलं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की ते गप्प झालं. साहेबांनी मान वर न करता "छान, छान" म्हटलं आणि गोल हिरवा केला. संजनाने बाईंकडे बघितलं. सगळी पोरं अशा वेळी बघतात तसंच, शाबासकीसाठी. बाईंनी मान हलवली. साहेब गेल्यावर त्या नळावर गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. मी टॉवेल घेऊन उभी राहिले. "परब," मला म्हणाल्या, "पोरीला वाटतंय की तिला वाचता आलं."

आमच्या शाळेचं कौतुक झालं. तिसरीचा वर्ग सगळा हिरवा, विभागात नाव. प्रगतीपुस्तकात ॲपशी जुळणारंच लिहावं लागतं, म्हणून संजनाच्या पुस्तकात ‘अस्खलित वाचन करते’ असं बाईंच्या वळणदार अक्षरात आलं. धनश्री वाचली, तिला मुलगा झाला. पुढच्या वर्षी संजना माझ्याकडे चौथीत आली. आता ऐका, हिरव्याचा लाल करता येत नाही. म्हणजे करता येतो, पण मग ॲप विचारतं, मुलीची अधोगती कशी झाली, जबाबदार शिक्षक कोण. जबाबदार मी. मी हिरवा ठेवला. प्रगतीपुस्तकात मीही तेच लिहिलं, फक्त ‘अस्खलित’च्या जागी ‘उत्तम’. मला लाज वाटली का? वाटली. पण लिहिलं.

बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात हेडसर म्हणाले की गायकवाड बाई म्हणजे हिरवा वर्ग. टाळ्या पडल्या. बाई हातात शाल घेऊन जमिनीकडे बघत होत्या. हेडसरही त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेने प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून त्या खुर्चीवर मी बसले.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, नातवंडं खेळवतात. बाई आठवड्यातून तीनदा घाटकोपरहून जोगेश्वरीला यायच्या, सुरेखाच्या खोलीवर, संजनाला शिकवायला. वर्षभर! पोरगी पाचवीत गेली तरी अक्षरं जागेवर राहीनात. तेव्हा बाईंना खात्री पटली की हे शिकवण्यातलं नाही, पोरीच्या मेंदूला अक्षरं ओळखायला वेगळी मदत लागतेय, आणि ती मदत देणारे लोक आहेत. त्यांनी सुरेखाला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रगतीपुस्तकं मागितली, बघितली आणि म्हणाल्या, "अहो, शाळा तर लिहितेय वाचन अस्खलित, उत्तम. मग तपासायचं काय? शाळेचं पत्र आणा, मुलीला अडचण आहे म्हणून. त्याशिवाय पुढे जाता येत नाही."

आणि म्हणून बाई माझ्यासमोर आल्या. समोरच्या खुर्चीवर बसल्या, कॅनव्हासचे बूट जुळवून. एक पत्र पुढे केलं. मला ते अजून शब्दन् शब्द आठवतं. "ही मुलगी तिसरीत माझ्या वर्गात होती. तिला वाचता येत नव्हते. पडताळणीच्या दिवशी तिने म्हटलेला उतारा मी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. प्रगतीपुस्तकातील नोंद खोटी असून ती मी केली आहे." खाली सही.

"बाई, निदान ‘चुकीची’ लिहा. ‘खोटी’ कशाला?"

"चुकून कुठे झाली होती?" म्हणाल्या. "यावर तुझा शिक्का लागेल, परब. जावक क्रमांक घालून दे. नाहीतर निवृत्त बाईच्या कागदाला कोण विचारतंय."

मी पत्र हातात घेऊन बसले. हे पत्र बाहेर गेलं की चौकशी. तिसरीची चौकशी म्हणजे चौथीची. चौथीत मी. पट पडताळणी पंधरा दिवसांवर, नवीन पदं मंजूर व्हायची, आणि पट काठावर. हे सगळं मी बाईंना सांगितलं. म्हटलं, "दोन महिने थांबा बाई. पदं मंजूर होऊ देत. मग मी स्वतः लिहिते."

"दोन महिन्यांनी दुसरी पडताळणी असेल."

तेव्हा मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. "नाईक सरांचं विसरलात वाटतं? आता धनश्रीला पाठवायचं का माहुलला, एवढ्याशा पोराला घेऊन?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला परवडलं असतं. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. "मी त्या खुर्चीवर असते तर हेच केलं असतं. केलंच की." पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. मी चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

पदं मंजूर झाली. धनश्री राहिली. मी पत्र लिहिणार होते, देवाशपथ लिहिणार होते. पण महिन्याभरातच सुरेखा संजनाचा दाखला मागायला आली. पोरगी वर्गात रडते, पोरं चिडवतात, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. त्यापेक्षा गावी भावाकडे ठेवते, मामीला घरात मदत होईल आणि तिथल्या शाळेत नावही राहील, असं तिने ठरवलं होतं. गायकवाड बाईही तिच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी सुरेखाची खूप समजूत घातली असणार, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. अर्ज त्यांनीच लिहून दिला. संजना उंच झाली होती. खिडकीपाशी उभी राहून खाली बघत होती.

क्लार्कने दाखला भरून आणला. नाव, जन्मतारीख, इयत्ता पाचवी. अभ्यासातील प्रगती: उत्तम. त्याने मागची पुस्तकं बघून भरलं होतं, नेहमीसारखंच. मी सहीला पेन उचललं तेवढ्यात बाई म्हणाल्या, "परब, तो एक रकाना मोकळा ठेव गं."

"मोकळा ठेवला तर तिकडची शाळा परत पाठवेल, बाई."

"मग ‘साधारण’ लिही."

"प्रगतीपुस्तकाशी जुळायला हवं ना. दोन्ही त्यांच्याच हातात जाणार."

"हो," बाई म्हणाल्या. "जुळायला हवं."

मी सही केली. शिक्का मारला. पत्रावर मारायचा राहिला तोच शिक्का. सुरेखाने दाखला दोन्ही हातांत धरला आणि एकेक अक्षर लावत वाचला, अगदी खालपर्यंत. मग तिचा चेहरा एकदम फुलला. "मॅडमांनू, ‘उत्तम’ लिवलात! बरां झाला बाय माजे. भावाक दाखवतलंय."

त्या तिघी जिना उतरून गेल्या. मी खिडकीशी गेले. मैदान ओलांडताना बाई पुढे होत्या, त्यांच्या उजव्या बाजूला संजना, मागे सुरेखा. फाटकाशी सुरेखा थांबली, वर वळली आणि दाखल्यासकट दोन्ही हात कपाळाला लावून तिने मला नमस्कार केला. बाईंनी वळून बघितलं नाही.